फाइल डिस्कवर आहे, तरी बूटलोडरला का दिसत नाही?

एक्सएफएस फाइलसिस्टीम असलेल्या लिनक्स मशीनवर नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बसवला. काम पूर्ण झाल्याचा संदेश आला, खबरदारी म्हणून, सगळं डिस्कवर लिहून टाकायला सांगणारी ‘सिंक’ ही आज्ञाही दिली, आणि लगेच रीसेटचं बटण दाबलं. मशीन सुरू होताना ग्रब हा बूटलोडर म्हणतो, फाइल सापडली नाही. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू करून तीच डिस्क उघडली, तर फाइल जागेवर आहे आणि आकारही बरोबर. मग पेनड्राइव्ह काढून मशीन परत चालू केलं, तर आता ग्रबलाही ती फाइल दिसते.

डिस्क खराब नाही. कर्नलने फाइल लिहिताना चूक केलेली नाही आणि ग्रबने वाचतानाही नाही. दोघांनी आपापले नियम तंतोतंत पाळले, फक्त ते नियम एकमेकांशी जुळत नाहीत. न जुळण्याचं कारण आहे जर्नल, म्हणजे वीज गेली तरी डेटा वाचावा म्हणून फाइलसिस्टीमला दिलेली सोय.

बूटलोडरचं काम एका वाक्यात मावतं: कर्नलची फाइल डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवायची आणि मशीनचा ताबा तिच्याकडे द्यायचा. पण डिस्कला फाइल म्हणजे काय हे माहीतच नसतं. तिच्याकडे असतात फक्त क्रमांक दिलेले सेक्टर. कोणते सेक्टर मिळून कोणती फाइल होते ही व्यवस्था फाइलसिस्टीमची, आणि ती व्यवस्था समजणारा कोड कर्नलमध्ये असतो. कर्नल मात्र अजून डिस्कवरच आहे.

बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या फर्मवेअरच्या, पद्धतीत सुरुवातीला हातात येतो फक्त डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट पार्टिशन टेबलला जातात, २ शेवटच्या खुणेला, आणि कोडसाठी उरतात ४४६. एवढ्यात कोणतीही खरीखुरी फाइलसिस्टीम समजून घेणं शक्य नाही. लिलो या जुन्या बूटलोडरने त्यावर सरळ तोडगा काढला होता. कर्नलची फाइल कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे याची यादी तो आधीच, लिनक्स चालू असताना, बनवून ठेवायचा आणि बूट होताना ते ब्लॉक डोळे मिटून उचलायचा. कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालवायला विसरलं की यादी शिळी व्हायची आणि मशीन अडकायचं.

ग्रबने वेगळा मार्ग धरला. पहिल्या सेक्टरमधला कोड पुढचा एक मोठा तुकडा उचलतो. हा तुकडा बहुतेक वेळा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. त्यात एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस अशा फाइलसिस्टीम वाचणारे छोटे वाचक असतात, त्यामुळे फाइल नावाने शोधता येते आणि कर्नल बदलला तरी यादी नव्याने बनवावी लागत नाही. लोकांना ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ग्रबला फाइलसिस्टीम कर्नलइतकीच कळते, असं आपण गृहीत धरतो. तसं नाही. एक छोटा अपवाद सोडला तर तो फक्त वाचतो, आणि तेही सगळं वाचत नाही.

त्याचं वाचन जवळून पाहू. एक्सटी४ पार्टिशनवर /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी ही ग्रबच्या कॉन्फिगरेशनची फाइल हवी आहे. पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक, म्हणजे फाइलसिस्टीमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक, लागतो. ग्रब तिथली ओळखखूण तपासतो, ब्लॉकचा आकार घेतो (बहुधा ४०९६ बाइट) आणि ही फाइलसिस्टीम कोणकोणती फीचर्स वापरते ते पाहतो. प्रत्येक फाइलची आणि डिरेक्टरीची माहिती एका क्रमांकित नोंदीत असते, तिला आयनोड म्हणतात. मुळाशी असलेल्या डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक नेहमी २ असतो. तो आयनोड नेमक्या कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे ग्रुप डिस्क्रिप्टरवरून, म्हणजे ब्लॉकच्या प्रत्येक गटाच्या माहितीवरून, काढता येतं. आयनोडमध्ये ६० बाइटांची एक जागा असते, तिथे ‘अमुक ब्लॉकपासून सलग इतके ब्लॉक’ अशा नोंदी असतात. त्यांना एक्स्टेंट म्हणतात. त्या नोंदींवरून डिरेक्टरीचा ब्लॉक मिळतो, त्या ब्लॉकमध्ये ‘बूट’ हे नाव आणि त्यापुढे आयनोडचा क्रमांक. त्या आयनोडवरून पुढची डिरेक्टरी, तिथून ‘ग्रब’, तिथून ‘ग्रब.सीएफजी’. शेवटच्या आयनोडमध्ये फाइलचा आकार आणि तिचे एक्स्टेंट मिळतात, आणि मग ग्रब मजकूर उचलतो.

सुपरब्लॉक, ग्रुप डिस्क्रिप्टर, आयनोड, डिरेक्टरीचे ब्लॉक या प्रत्येक गोष्टीला डिस्कवर ठरलेली जागा आहे. ग्रब थेट त्या जागेवर जातो आणि तिथे जे लिहिलेलं असेल ते खरं मानतो. याच पार्टिशनवर आयनोड क्रमांक ८ मध्ये जर्नल असतं. ते तो उघडतही नाही.

आता जर्नल कशासाठी ते. एक नवी फाइल बनवायची तर डिरेक्टरीच्या ब्लॉकमध्ये नाव लिहावं लागतं, आयनोड भरावा लागतो, कोणते आयनोड आणि कोणते ब्लॉक वापरात आहेत हे सांगणारे दोन नकाशे बदलावे लागतात, ग्रुप डिस्क्रिप्टरमधले आकडे बदलावे लागतात. हे सगळे ब्लॉक डिस्कवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. तीन लिहून झाले आणि वीज गेली, तर नाव आहे पण आयनोड रिकामा, किंवा एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावावर, असे घोळ होतात. जर्नल नव्हतं तेव्हा अशा प्रसंगी पूर्ण डिस्क तपासावी लागायची, आणि मोठ्या डिस्कवर त्यात तास जायचे.

जर्नलची युक्ती अशी की बदललेले ब्लॉक आधी त्यांच्या मूळ जागी लिहायचे नाहीत. त्यांच्या प्रती जर्नलमध्ये एकापाठोपाठ एक लिहायच्या. एक्सटी४ मध्ये आधी एक डिस्क्रिप्टर ब्लॉक येतो, त्यात ‘पुढच्या प्रती अमुक अमुक जागच्या आहेत’ अशी यादी असते. मग त्या प्रती, आणि शेवटी कमिट ब्लॉक. कमिट ब्लॉक डिस्कवर पोहोचला की तो व्यवहार पक्का. तिथपर्यंत मजल गेली नसेल तर तो व्यवहार झालाच नाही असं धरायचं. पक्के झालेले ब्लॉक नंतर सवडीने मूळ जागी लिहिले जातात, त्याला चेकपॉइंट म्हणतात. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी फाइलसिस्टीम माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, कर्नल जर्नल वाचतो, पक्क्या व्यवहारांच्या प्रती मूळ जागी उतरवतो आणि फाइलसिस्टीम पुन्हा सुसंगत होते. हा झाला रिप्ले.

हिशेब ठेवणारा माणूस प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि सवड मिळाली की खतावणीत चढवतो, तसंच हे. दोन्ही वह्या पाहणाऱ्याला शिल्लक बरोबर कळते. बूटलोडर फक्त खतावणी उघडतो.

एक्सटी४ साधारणपणे दर ५ सेकंदांनी कमिट करतो, पण कमिट झालेलं मूळ जागी उतरायला आणखी अर्धा मिनिट किंवा जास्तही लागू शकतं. एक्सएफएसचं पार्श्वभूमीवरचं कामही सहसा ३० सेकंदांच्या अंतराने चालतं. म्हणजे अशी एक खिडक आहे ज्यात कर्नलच्या लेखी फाइल सुरक्षित आहे आणि बूटलोडरच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. लेखाच्या सुरुवातीचं रीसेट नेमकं या खिडकीत दाबलं गेलं.

अर्धवट अवस्थेतली फाइलसिस्टीम आपण वाचतो आहोत हे ग्रबला कळत नाही का? कळू शकतं. २००१ मध्ये एक्सटी३ लिनक्स २.४.१५ मध्ये दाखल झाली, तेव्हा सुपरब्लॉकमध्ये ‘रिकव्हरी हवी’ अशा अर्थाची एक खूण ठेवण्यात आली. जुन्या एक्सटी२ कोडने रिप्ले न झालेली फाइलसिस्टीम चुकून माउंट करू नये, हा तिचा उद्देश. लिहिण्यासाठी माउंट केलं की ही खूण चढते, नीट अनमाउंट केलं की उतरते. ग्रबच्या वाचकात काही खुणांकडे मुद्दाम दुर्लक्ष करण्याची यादी आहे आणि ही खूण त्या यादीत आहे. कारण असं दिलं आहे की हा वाचक काही लिहीत नाही, त्यामुळे दुर्लक्ष करणं सुरक्षित.

माझ्या मते हा निर्णय योग्य आहे. खूण दिसताच ग्रबने वाचायचं नाकारलं असतं, तर प्रत्येक वेळी वीज गेल्यावर मशीन सुरूच झालं नसतं, आणि रिप्ले करणारा कर्नल तर सुरू झाल्यावरच येणार. फक्त ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ नीट ओळखायला हवा. ग्रब डिस्कचं नुकसान करणार नाही, एवढाच तो अर्थ. ग्रबला जे दिसेल ते खरं असेल अशी हमी त्यात नाही.

मग त्याला काय दिसतं? सर्वांत सौम्य प्रकारात त्याला जुनं चित्र दिसतं. कालचं कॉन्फिगरेशन, कालचा कर्नल. मशीन जुन्या कर्नलवर सुरू होतं, माउंट होताना रिप्ले होतो आणि पुढच्या बूटला नवा कर्नल येतो. बहुतेक लोकांना यात काही घडलं हेही कळत नाही.

दुसरा प्रकार शून्य आकाराच्या फाइलचा. फाइल बनते तेव्हा तिचा आयनोड रिकामा असतो. हा रिकामा आयनोड मूळ जागी उतरला. नंतर मजकूर लिहिला गेला, ब्लॉक वाटून दिले गेले, आकार वाढला, पण आयनोडची ही नवी आवृत्ती अजून फक्त जर्नलमध्ये आहे. मजकूर मात्र डिस्कवर त्याच्या कायमच्या जागी पोहोचलेला आहे, कारण नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (आयनोड, डिरेक्टरी, नकाशे यांसारखी व्यवस्थेची माहिती) जातो, फाइलचा मजकूर थेट मूळ जागी लिहिला जातो. म्हणजे ग्रब.सीएफजीचा प्रत्येक बाइट डिस्कवर हजर आहे आणि ग्रब मात्र ‘फाइल रिकामी आहे’ म्हणत आज्ञा मागत उभा आहे.

तिसरा प्रकार जास्त अडचणीचा. जर्नलमध्ये व्यवहारांचा क्रम काटेकोर असतो. आधी कर्नलची फाइल, नंतर तिच्याकडे बोट दाखवणारं कॉन्फिगरेशन, असं लिहिलं तर जर्नलमध्येही तो क्रम टिकतो. पण मूळ जागी उतरवताना क्रम पाळायची गरज कर्नलला नसते, कारण काही झालं तर जर्नल आहेच. त्यामुळे कॉन्फिगरेशनचा नवा आयनोड मूळ जागी उतरलेला आहे आणि कर्नलच्या फाइलचं नाव असलेला डिरेक्टरीचा ब्लॉक अजून उतरायचा आहे, अशी स्थिती शक्य असते. ग्रब नवं कॉन्फिगरेशन वाचतो आणि त्यात दिलेला कर्नल त्याला सापडत नाही. प्रोग्रॅमरने क्रमाची पूर्ण काळजी घेतली होती, पण ती काळजी फक्त जर्नल वाचणाऱ्याच्या उपयोगाची होती.

याहून वाईट अवस्था ब्लॉक पुन्हा वापरले गेल्यावर येते. जुनी फाइल काढून टाकली, तो व्यवहार कमिट झाला. तिचे ब्लॉक आता मोकळे. त्यातला एखादा ब्लॉक लगेच दुसऱ्या फाइलला मिळतो आणि तिचा मजकूर थेट तिथे लिहिला जातो. पण जुन्या फाइलचा आयनोड मूळ जागी अजून आधीसारखाच आहे आणि त्याच ब्लॉककडे बोट दाखवतो. ग्रबला जुनी फाइल दिसते, नाव बरोबर, आकार बरोबर, आणि आत भलताच मजकूर. हे क्वचित घडतं. घडलं तर मात्र कारण शोधणं कठीण, कारण कर्नलने एकदा रिप्ले केल्यावर पुरावा उरत नाही.

आता ‘सिंक’कडे येऊ. बहुतेकांचा समज असा की सिंक झालं म्हणजे सगळं डिस्कवर आपल्या जागी गेलं. सिंक किंवा एफसिंक (एकाच फाइलपुरतं सिंक) यांचं वचन एवढंच आहे की या क्षणी वीज गेली तरी डेटा हरवणार नाही. कर्नलने जर्नलमध्ये कमिट केलं की हे वचन पूर्ण होतं, कारण पुढच्या माउंटला रिप्ले होणारच आहे असं त्यात गृहीत धरलेलं आहे. त्या गृहीतकात बूटलोडर बसत नाही. एक्सएफएसवर सिंक दिल्यावर लॉग, म्हणजे तिचं जर्नल, डिस्कवर जातो, पण मेटाडेटा मूळ जागी जाईलच असं नाही. एक्सटी४ वर पूर्ण सिंक दिल्यावर बहुतेक वेळा तो मूळ जागीही जातो, कारण कर्नल शेवटी त्या डिस्कचे लिहायचे राहिलेले ब्लॉकही लिहून टाकतो. म्हणूनच ही तक्रार एक्सएफएसच्या बाबतीत जास्त ऐकू येते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये एक्सएफएस मूळ निवड केली, त्यानंतर तर कितीतरी सर्व्हरवर ती आली. मात्र एक्सटी४ वरचा हा फायदा कर्नलच्या कामाच्या पद्धतीतून आपसूक मिळालेला आहे, वचनाचा भाग नाही. एकाच फाइलला एफसिंक दिला तर तो तिथेही मिळत नाही.

गोठलेलं मशीन कीबोर्डवरून नीट बंद करण्यासाठी लिनक्समध्ये सिसआरक्यूच्या आज्ञा आहेत. त्यात एस म्हणजे सिंक, यू म्हणजे सगळ्या फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरत्या रीमाउंट करणं आणि बी म्हणजे रीबूट. घाईत अनेक जण एस दाबून थेट बी दाबतात. पण जर्नल रिकामं करून मेटाडेटा मूळ जागी आणण्याचं काम यू करतो. बूटलोडरच्या दृष्टीने महत्त्वाची पायरी तीच.

इथे कुणीही विचारेल की बूटलोडरनेच जर्नल रिप्ले का करू नये? डिस्कवर लिहून रिप्ले करणं तर साफ नको. मशीन हायबरनेट केलेलं असेल तर मेमरीच्या साठवलेल्या प्रतीत ती फाइलसिस्टीम अजून माउंट झालेलीच असते. जागा होणारा कर्नल डिस्क आपण सोडली तशीच आहे असं धरून चालतो. मधल्या वेळात बूटलोडरने तिथे काही उतरवलं, तर दोघांची चित्रं वेगळी होतात आणि फाइलसिस्टीमची वाट लागते.

डिस्कला हात न लावता, फक्त मेमरीत रिप्ले करणं हा योग्य मार्ग आहे. जर्नल वाचायचं, ‘मूळ ब्लॉक अमुक, त्याची ताजी प्रत जर्नलमध्ये तमुक ठिकाणी’ असा तक्ता मेमरीत बनवायचा, आणि पुढे कोणताही ब्लॉक मागितला की आधी तक्ता पाहायचा. जुन्या ग्रबचा रायझरएफएस या फाइलसिस्टीमचा वाचक असंच करायचा. यू-बूट हा लहान उपकरणांवरचा बूटलोडर एक्सटी४ वर लिहूही शकतो, त्यामुळे त्याच्या कोडमध्ये जर्नल सावरण्याचा भाग आहे. एक्सटी४ च्या नेहमीच्या जर्नलमध्ये पूर्ण ब्लॉकच्या प्रती असतात, म्हणून तिथे हे तुलनेने सोपं. पण डिसेंबर २०२० मधल्या लिनक्स ५.१० पासून एक्सटी४ मध्ये ‘फास्ट कमिट’ची सोय आली. त्यात पूर्ण ब्लॉकऐवजी बदलाची छोटी नोंद लिहिली जाते, म्हणजे तक्त्याची युक्ती तिथे अपुरी पडते. एक्सएफएसमध्ये तर मुळातच ब्लॉकच्या बदललेल्या भागांच्या आणि ‘हे करायचं ठरवलं आहे’ अशा हेतूंच्या नोंदी असतात. त्या क्रमाने लावण्यासाठी कर्नलमधला रिकव्हरीचा बराचसा कोड बूटलोडरमध्ये दुसऱ्यांदा लिहावा लागेल आणि कायम ताजा ठेवावा लागेल.

तो ताजा राहत नाही, हे तर दिसतंच आहे. एक्सटी४ बनवणाऱ्या प्रोग्रॅमांचा संच म्हणजे ई२एफएसप्रॉग्ज. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या १.४७.० आवृत्तीने मेटाडेटाच्या चेकसमशी (मजकूर बदलला का ते ताडण्याच्या आकड्याशी) संबंधित एक फीचर नव्या एक्सटी४ वर आपोआप चालू केलं. ग्रब २.०६ ला ते माहीत नव्हतं, म्हणून नवी कोरी, धडधाकट फाइलसिस्टीम त्याला अनोळखी वाटायची. ग्रब २.१२ मध्ये ते फीचर ओळखीचं झालं. साध्या वाचनात ही गत, तर रिकव्हरीचं काय होईल? शिवाय सिक्युअर बूटमध्ये, म्हणजे सही तपासलेलाच कोड चालू देणाऱ्या सोयीत, ग्रब हा विश्वासाच्या साखळीतला दुवा आहे. जुलै २०२० मध्ये उघड झालेली बूटहोल ही त्रुटी ग्रब.सीएफजी वाचणाऱ्या कोडमध्येच होती. त्या जागी जितका कोड कमी तितकं बरं, असं माझं ठाम मत आहे.

साध्या, नीट झालेल्या रीबूटमध्ये हा प्रश्न येऊच नये, कारण बंद होताना फाइलसिस्टीम अनमाउंट होतात आणि जर्नल रिकामं होतं. मूळ (रूट) फाइलसिस्टीम मात्र पूर्ण अनमाउंट करणं अवघड असतं, कारण बंद करणारा प्रोग्रॅम स्वतः तिच्यावरूनच चालतो. म्हणून तिला शेवटी फक्त वाचण्यापुरती करतात. त्यातही एक खाच आहे. अपडेटमध्ये एखाद्या चालू प्रोग्रॅमची फाइल बदलली गेली, तर जुन्या फाइलचं नाव जातं, पण तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ती आत जिवंत राहते. तो संपल्यावर तिचे ब्लॉक मोकळे करायचे असतात, म्हणजे डिस्कवर लिहिणं बाकी असतं. अशा वेळी कर्नल रीमाउंटला नकार देतो. लिनक्सवरचे प्रोग्रॅम सुरू-बंद करणारा सिस्टमडी मशीन बंद होताना जवळजवळ सगळे प्रोसेस थांबवतो, पण काही प्रोसेसना ठरवून सोडतो, आणि त्यातल्या एखाद्याची फाइल नुकतीच बदललेली असेल तर रीबूट होतो तो अस्वच्छ फाइलसिस्टीमवर. हे घडतं अपडेटनंतरच, म्हणजे नेमकं नवा कर्नल आणि नवं कॉन्फिगरेशन लिहून झाल्यावर. यावर एक चांगला उपाय म्हणजे शेवटच्या टप्प्यात मेमरीतल्या इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला वापरलेल्या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टीममध्ये, परत जायचं आणि तिथून मूळ फाइलसिस्टीम खरोखर अनमाउंट करायची. इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या ड्रॅकटमध्ये ही सोय आहे.

अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात आणखी एक साधन आहे: फ्रीझ. फाइलसिस्टीम गोठवताना कर्नल चालू व्यवहार पूर्ण करतो आणि मेटाडेटा मूळ जागी उतरवतो. बूटलोडरला हवं असतं नेमकं तेच. ‘एफएसफ्रीझ -एफ /बूट’ आणि लगेच ‘एफएसफ्रीझ -यू /बूट’ एवढं पुरतं. पण हे /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तरच करावं. मूळ फाइलसिस्टीम गोठवली तर तिच्यावर लिहू पाहणारा प्रत्येक प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो, आणि त्यात गोठण काढणारी आज्ञाच अडकली तर मोठी पंचाईत. अशा वेळी सिसआरक्यूमधली जे ही कळ कामी येते, ती गोठवलेल्या फाइलसिस्टीम जबरदस्तीने मोकळ्या करते.

त्यापेक्षा बूटलोडरला लागणाऱ्या फाइली वेगळ्या, छोट्या पार्टिशनवर ठेवणं मला जास्त पटतं. तिथे लिहिणारे प्रोग्रॅम मोजके असतात, त्यामुळे बंद होताना ते पार्टिशन विनासायास अनमाउंट होतं. यूईएफआय या नव्या प्रकारच्या फर्मवेअरच्या मशीनवर फॅट फाइलसिस्टीमचं एक पार्टिशन असतंच, कारण फर्मवेअरला तीच वाचता येते. फॅटमध्ये जर्नल नाही, म्हणून सिंक झालं की जे लिहिलं ते मूळ जागी. सिस्टमडी-बूट हा बूटलोडर फर्मवेअरच्याच वाचकावर अवलंबून राहतो, त्यामुळे कर्नलही तिथेच ठेवला जातो. फॅटची कमजोरी अशी की लिहिताना वीज गेली तर सावरणारं कोणी नाही. म्हणून तिथे चालू फाइलवर लिहू नये. नवा कर्नल नव्या नावाने ठेवावा, सिंक करावं, मग त्याची छोटी नोंद लिहावी, आणि जुना कर्नल हलवू नये.

बीटीआरएफएसची गोष्ट थोडी वेगळी. तिथे जुन्या ब्लॉकवर लिहितच नाहीत, नवं झाड बनवून शेवटी सुपरब्लॉक त्याच्याकडे वळवतात. त्यामुळे बूटलोडरला नेहमी एक सुसंगत चित्र मिळतं, फार तर थोडं जुनं. पण एफसिंक लवकर व्हावा म्हणून तिथेही एक वेगळं लॉगचं झाड आहे आणि ग्रब ते पाहत नाही. पूर्ण कमिट साधारण ३० सेकंदांनी होतो, तेव्हा तिथे एकट्या फाइलच्या एफसिंकपेक्षा पूर्ण फाइलसिस्टीमचं सिंक करणं चांगलं. आता तो छोटा अपवाद. ग्रब स्वतः लिहितो अशी एक फाइल असते, बूटच्या निवडी लक्षात ठेवणारी ग्रबएन्व्ह, १०२४ बाइटांची. आकार किंवा मेटाडेटा न बदलता तो तिच्या ठरलेल्या ब्लॉकवरच लिहितो. बीटीआरएफएसवर तेही करता येत नाही, कारण मजकूर परस्पर बदलला की चेकसम जुळत नाही.

आणि ग्रब आज्ञा मागत उभाच असेल तर? लगेच ग्रब नव्याने बसवायला घेऊ नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, ते पार्टिशन एकदा माउंट करा आणि नीट अनमाउंट करा. माउंट करताना कर्नल रिप्ले करतो, फक्त वाचण्यासाठी माउंट केलं तरीही. रिप्ले टाळणारे ‘नोलोड’ किंवा ‘नोरिकव्हरी’ हे पर्याय मात्र देऊ नका. मशीन बंद न करता हायबरनेट केलेलं असेल, तर यातलं काहीच करू नका, माउंटसुद्धा नाही. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सचा कर्नल शक्यतो तुमच्या मशीनवरच्या कर्नलइतका नवा असावा, नाहीतर त्या फाइलसिस्टीमची एखादी फीचर त्यालाही अनोळखी असेल आणि तो माउंटच करणार नाही.